समुद्राला कामाला लावणारी शिंपीण

मासे पाळणाऱ्या कोणालाही विचारा, सगळ्यात कटकटीचं काम कोणतं? खायला घालणं नाही, काच पुसणंही नाही. पाणी बदलणं! माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट टाकीत साठत जातं. ते घालवायचं तर जुनं पाणी काढून नवं भरायला हवं. पण बादलीने एकदम बदललं तर तापमान आणि क्षार एका झटक्यात बदलतात. मासे बिचारे कोपऱ्यात जाऊन बसतात, कधी मरतातही.

अमोनिया, नायट्रेट यातला एकही शब्द न शिकलेली एक बाई १८३२ साली याच प्रश्नाशी झुंजत होती. झान व्हिलप्रो-पॉवर तिचं नाव. परदेशात अ‍ॅक्वेरियमचा इतिहास लिहिणारे तिच्यापासूनच सुरुवात करतात. आपल्या शाळेच्या पुस्तकांत मात्र मला ती कधी भेटली नाही, म्हणून हा लेख.

झानचा जन्म १७९४ चा, फ्रान्समधल्या ज्युयाक नावाच्या खेड्यातला. वडील चांभारकाम करायचे. लिहावाचायला येत होतं, त्यापलीकडे शिक्षण असं नाही. अठराव्या वर्षी ती शिवणकाम शिकायला पॅरिसला निघाली, आणि निघाली म्हणजे चालत! अंतर चारशे किलोमीटरच्या वर. (आपण कॉलेजच्या गेटपासून हॉस्टेलपर्यंत रिक्षा बघतो.) पॅरिसमध्ये एका कपडे शिवणाऱ्या बाईकडे तिला काम मिळालं आणि हातात कसब होतं म्हणून नावही झालं. १८१६ मध्ये सिसिलीची राजकन्या कॅरोलिन फ्रेंच राजघराण्यात लग्न होऊन आली, तिच्या लग्नाच्या पोशाखावर झानने काम केलं. त्यातूनच जेम्स पॉवर या श्रीमंत व्यापाऱ्याशी ओळख झाली. १८१८ मध्ये सिसिली बेटावर मेसिना या बंदराच्या गावी दोघांचं लग्न झालं आणि ती तिथेच राहिली.

आता सुई-दोरा चालवायची गरज राहिली नव्हती. दुसरी कोणी असती तर मेजवान्यांमध्ये रमली असती. झानने बेट पायी पालथं घातलं. झाडं, फुलपाखरं, जीवाश्म, शिंपले गोळा केले, त्यांची नावं शिकली, नोंदी ठेवल्या. गुरू कोणी नाही, सगळं स्वतःचं स्वतः. आणि मग तिला आर्गोनॉट भेटला.

आर्गोनॉट हा ऑक्टोपसचा भाऊबंद. त्याची मादी कागदासारख्या पातळ, पांढऱ्या शंखात राहते. पण गोगलगाय जशी शंखाला चिकटलेली असते तशी ही नसते, सुटी असते. त्यामुळे मोठमोठ्या विद्वानांमध्ये वाद होता. शंख ती स्वतः बनवते, की संन्यासी खेकड्यासारखी दुसऱ्याच्या मेलेल्या घरात घुसते? पॅरिसचे ब्लेनव्हिल हे नावाजलेले शास्त्रज्ञ दुसऱ्या पक्षाचे. पण सगळे भांडत होते ते बाटलीतल्या मेलेल्या नमुन्यांवरून! झानचं म्हणणं सरळ होतं. जिवंत प्राणी दिवसेंदिवस बघितल्याशिवाय हे कळणार नाही.

जिवंत ठेवायचा म्हणजे पाणी आलंच. तिने तीन प्रकारची साधनं करून घेतली. पहिलं घरात ठेवायची काचेची टाकी, समुद्राचं पाणी भरलेली. दुसरं काचेचंच भांडं, पण पिंजऱ्यात बसवलेलं, म्हणजे समुद्रात खाली सोडता येईल आणि पाहिजे तेव्हा वर ओढून बघता येईल. तिसरं म्हणजे मोठ्या प्राण्यांसाठी नांगर टाकून समुद्रातच उभा केलेला पिंजरा. मला तिसरं सगळ्यात आवडतं. ना पंप, ना बादली, ना नोकर. पिंजऱ्याच्या फटींतून समुद्र आत येतो, घाण घेऊन बाहेर जातो. पाणी चोवीस तास बदलत असतं आणि आतल्या प्राण्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्या खोलीत समुद्र आणता येत नाही, पण फंडा तोच वापरता येतो. आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममधल्या वीस लिटरच्या टाकीला आम्ही मुलींनी ठिबक लावलंय. कपाटावर पाण्याचा कॅन, त्याला मेडिकलमधून आणलेला नवा सलाईनचा सेट, आणि टाकीच्या काचेला वरच्या बाजूला दुकानातून पाडून घेतलेलं एक भोक, जास्तीचं पाणी नळीने कुंडीत जायला. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. साध्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. दिवसाला दोन लिटर हवं तर मिनिटाला साधारण २८ थेंब. कॅनमधली पातळी उतरली की थेंब मंदावतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून मोजायचे आणि चाक फिरवायचं. केमिकलवाल्यांना हा सीएसटीआर लगेच ओळखू येईल. दहा दिवसांत वीस लिटर नवं पाणी जातं, तरी जुन्यातलं सुमारे ३७ टक्के उरतंच, कारण बाहेर पडणाऱ्या पाण्यात नवंही मिसळलेलं असतं. म्हणजे पाणी जास्त लागतं, पण झटका बसत नाही. झानच्या पिंजऱ्यात पाण्याचा हिशोब करायचं कारणच नव्हतं, मागे अख्खा समुद्र होता!

असो. पाण्याची सोय झाल्यावर तिने प्रयोग सुरू केले. आर्गोनॉटच्या शंखाचा तुकडा तोडायचा आणि बघत बसायचं. मादीने तो भाग दुरुस्त केला. तिच्या दोन हातांना पडद्यासारखे रुंद भाग असतात. जुन्या काळापासून लोक समजत होते की ती वाऱ्यावर उभारायची शिडं आहेत. झानने दाखवलं की शंख या पडद्यांतूनच तयार होतो. अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात ती बिनशंखाची, शंख नंतर येतो, हेही तिने पाहिलं. चोरीचा आरोप संपला! १८३४ मध्ये कातानियाच्या जोएनिया अकादमीपुढे हे काम मांडलं गेलं, आणि लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिची बाजू उचलून धरली.

आणि मग १८३८. तिचे संग्रह आणि कागदपत्रं घेऊन निघालेलं जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडालं. वर्षानुवर्षं जमवलेलं त्याच समुद्रात गेलं. फ्लॉपीच्या जमान्यात सबमिशनच्या आदल्या रात्री फ्लॉपी उडाली की जेवण जायचं नाही, त्यावरून कल्पना करा. तरी १८३९ मध्ये तिचं प्रयोगांचं पुस्तक निघालं आणि १८४२ मध्ये सिसिलीची माहिती देणारं दुसरं. पुढे नवरा-बायको सिसिली सोडून पॅरिस आणि लंडनमध्ये राहिले. समुद्रातले नवे प्रयोग मात्र तिथे कुठून करणार? ही गोष्ट मला जहाजाइतकीच लागते.

लंडनमध्ये अ‍ॅक्वेरियमचं वेड आलं ते नंतर. १८४६ च्या सुमारास अ‍ॅना थिन या बाईंनी घरात प्रवाळ ठेवले. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची, हवा मिसळावी म्हणून. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, आणि पुढच्या वर्षी फिलिप गॉसच्या पुस्तकाने अ‍ॅक्वेरियम हा शब्द घरोघरी नेला. नाव गॉसचं झालं. पण १८५८ मध्ये ओवेन यांनी पाण्यातले जीव अभ्यासासाठी टाकीत ठेवण्याचं पहिलं श्रेय झानला दिलं, तेव्हा ती हयात होती, हे एक बरं झालं.

१८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा ती शहर सोडून ज्युयाकला गेली. तिथेच जानेवारी १८७१ मध्ये वारली. १९९७ मध्ये शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव दिलं गेलं. शुक्राच्या पृष्ठभागावर पाण्याचा एक थेंब नाही, हा भाग वेगळा.