खासगीची मालकीण
(बी. ए. द्वितीय वर्ष)

अहिल्याबाई होळकर म्हटले की देवळे, घाट आणि धर्मशाळा आठवतात. आपल्या जवळच्या वेरूळच्या घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशीही सासू गौतमाबाई आणि सून अहिल्याबाई या दोघींची नावे जोडलेली आहेत. पण एवढ्या दानधर्माला पैसा आला कुठून? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. मला त्यांच्या चरित्राचे मोल तिथेच जाणवते.

१७२५ साली चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. पुढे त्या मल्हारराव होळकरांच्या सून झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिले नाही. उलट स्वतः मोहिमेवर असताना तोफा आणि दारूगोळ्याची व्यवस्था सुनेवर सोपवली. १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेरावही गेला. दौलतीवर डोळा ठेवून राघोबादादा चालून आले, पण बाई डगमगल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. फौज तुकोजींकडे देऊन महेश्वरहून त्यांनी १७९५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, कारभार केला.

होळकरांच्या घरी दोन हिशेब होते, दौलतीचा आणि खासगीचा. १७३४ मध्ये थोरल्या बाजीरावांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर लावून दिली. तीच पुढे अहिल्याबाईंकडे आली. तिच्या उत्पन्नातून त्यांनी काशी, गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या ठिकाणी धर्मकार्य केले. काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० मधले. दौलतीचा खजिना त्यांनी यासाठी रिता केला नाही.

आता त्याच शतकातले इंग्लंड पाहा. तिथे पार्लमेंट होते, वर्तमानपत्रे होती, कापसाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या. तरीही सर्वसाधारण कायद्याने लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची ठरे. तिला स्वतःच्या मिळकतीचा हक्क मिळाला तो १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी.

म्हणून आपल्याकडे सारे आबादीआबाद होते असे मुळीच नाही. खासगी राजघराण्यातल्या बाईला होती, तिच्या रयतेतल्या बाईला नव्हती. आणि १७९१ मध्ये खुद्द अहिल्याबाईंची लेक मुक्ताबाई सती गेली. राज्य चालवणाऱ्या आईलाही तिला थांबवता आले नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. तिच्या मजुरीतून पीठमीठ येते, माझी फीही भरली जाते. पण तिच्या नावाने बाजूला ठेवलेला एक रुपयाही घरात नाही. अहिल्याबाईंना आपण पुण्यश्लोक म्हणतो, ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या घराने आपल्या घरातल्या बाईची खासगी कुठे आहे, एवढे एकदा विचारावे. नोकरी लागली की माझ्या पहिल्या पगारातून आईच्या नावाने खाते उघडायचे, हे मी ठरवले आहे.