फॅरडे यांची टिपणवही

लंडन शहराजवळील न्यूइंग्टन या वस्तीत २२ सप्टेंबर १७९१ रोजी एका लोहाराच्या घरी मायकेल फॅरडे यांचा जन्म झाला. वडिलांची प्रकृती वारंवार बिघडत असे; त्यामुळे घरात पैशाची सदैव चणचण असे. लिहिणे, वाचणे आणि हिशेब करणे यांपलीकडे मायकेलला शाळेत फारसे काही शिकता आले नाही. तेराव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्याचे काम करू लागला आणि १८०५ साली त्याच दुकानात पुस्तकबांधणीच्या सात वर्षांच्या उमेदवारीस त्याने प्रारंभ केला.

दुकानाचे मालक जॉर्ज रीबो मोठे उदार गृहस्थ होते. बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचण्यास त्यांनी मायकेलला मोकळीक दिली. ज्ञानकोशातील विजेवरील लेखाने त्याच्या मनाची पकड घेतली. जेन मार्सेट या विदुषींनी लिहिलेले रसायनशास्त्रावरील पुस्तकही त्याच्या हाती आले. परंतु पुस्तकात छापले आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी मानण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. तो दर आठवड्यास थोडीशी रक्कम बाजूला काढी, तिच्यातून साहित्य आणी आणि वाचलेले प्रयोग स्वतः करून पाही.

मायकेलचा आपल्या स्मरणशक्तीवर भरवसा नव्हता. आज वाचलेले उद्या निसटून गेले, तर वाचनाचा उपयोग काय? अशा वेळी आयझॅक वॉट्स यांनी बुद्धीच्या सुधारणेविषयी लिहिलेला ग्रंथ त्याने वाचला. वाचावे, व्याख्याने ऐकावी, टिपणे ठेवावी आणि ज्ञानप्रिय मित्रांशी चर्चा करावी, असा उपदेश त्या ग्रंथात होता. पुष्कळ लोक असा उपदेश वाचतात आणि विसरतात. मायकेलने तो आचरणात आणला. १८०९ च्या सुमारास त्याने एक वही घातली आणि वाचनात आलेली उपयुक्त माहिती तो तीत उतरवू लागला.

शहरात एका विज्ञानप्रेमी गृहस्थांकडे सायंकाळी व्याख्याने होत. प्रत्येक व्याख्यानाची फी एक शिलिंग होती. धाकट्या भावाची ओढ पाहून थोरला भाऊ रॉबर्ट, जो स्वतः लोहारकाम करीत असे, त्याला पैसे देई. तेथे मायकेलला समानशील मित्र लाभले. त्यांतील काहीजण एकत्र बसून वाचन करीत आणि एकमेकांचे उच्चार व वाक्यरचना सुधारीत. आपली चूक मित्राने दाखविली, म्हणून कोणी रुसत नसे.

१८१२ साली दुकानात येणाऱ्या एका गृहस्थांनी मायकेलला सर हंफ्री डेव्ही या प्रख्यात रसायनशास्त्रज्ञांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्यान चालू असता मायकेल केवळ महत्त्वाचे शब्द, पदार्थांची नावे आणि प्रयोगांचे मथळे टिपून घेई. घरी आल्यावर त्यांवरून तो अधिक विस्तृत व सुसंगत टिपण करी. त्यानंतर सबंध व्याख्यान तो पुन्हा स्वच्छ अक्षरांत लिहून काढी. अशा रीतीने एकच विषय त्याच्या मनातून अनेकदा जाई. सोबतीला तो आकृत्याही काढी. कारण दुकानाच्या इमारतीत राहणाऱ्या एका चित्रकाराकडून त्याने रेखाटन शिकून घेतले होते.

उमेदवारी संपली, पण मायकेलचे मन पुस्तकबांधणीत रमेना. विज्ञानक्षेत्रात काम मिळावे म्हणून उमेदवारीच्या काळातच त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले होते. त्याला उत्तर आले नाही. तेव्हा त्याने आपली टिपणे स्वतःच्या हाताने बांधली आणि तो ग्रंथ डेव्हींकडे पाठविला. त्या पानांतील परिश्रम डेव्हींच्या लक्षात आले. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेच्या प्रयोगशाळेत मायकेलची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली.

मोठेपणीही फॅरडे यांनी टिपणाची सवय सोडली नाही. चुंबकापासून वीज निर्माण करण्याचे त्यांचे प्रयत्न काही वर्षे निष्फळ ठरले. तेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांना विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लागला. आज वीजकेंद्रांतील जनित्रे याच तत्त्वावर चालतात. पुढे त्यांनी आपल्या नोंदींना अनुक्रमांक दिले. हे आकडे १६,००० च्याही पुढे गेले! त्यामुळे जुना प्रयोग शोधावयाचा झाल्यास स्मरणशक्तीला शीण देण्याचे कारण उरत नसे.

फॅरडे यांचे गणिताचे शिक्षण झालेले नव्हते. त्यांच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे जेम्स मॅक्सवेल यांनी दिले. तथापि, ही उणीव त्यांच्या मार्गात आडवी आली नाही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. उत्तम शाळा, पैसा आणि तल्लख स्मरणशक्ती यांपैकी काहीही त्यांच्या वाट्यास आले नव्हते. त्यांच्याजवळ होती ती एक वही, आणि ऐकलेले व वाचलेले त्याच दिवशी लिहून ठेवण्याची सवय. ती मात्र कोणत्याही विद्यार्थ्याला आजपासून लावून घेता येईल.