अनाथाश्रमात वाढलेल्या पोरानं पेट्रोलला शिस्त लावली, जुन्या बोटी आजही त्यावरच चालतात

निफाड तालुक्यातल्या सायखेडा आणि चांदोरीच्या लोकांना आभाळाकडं बघायची गरज पडत नाही. तिकडं गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की गोदावरी आज कुठवर येणार याचा हिशोब इथं सुरू होतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाणी गावात शिरलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा शिरलं.

अशा पुरात माणसं काढायला रबरी बोट लागते आणि बोटीच्या मागं लटकवलेलं मशीन. त्याला म्हणायचं आउटबोर्ड मोटर. वर्षभर कोपऱ्यात पडून असलेलं हे मशीन नेमकं त्याच दिवशी चालावं लागतं.

मशीन जुनं असेल तर त्याची दोन दुखणी ठरलेली.

पहिलं म्हणजे दोरी ओढून ओढून हात भरून येतात, पेट्रोलचा भपकारा सुटतो, प्लग ओलाचिंब होतो, पण मशीन काही धरत नाही. मेकॅनिकच्या भाषेत ओव्हरफ्लो. दुसरं जास्त फसवं. मशीन चालू होतं, फुल थ्रॉटलला झकास पळतं. पण ओट्यावरून म्हातारं माणूस उतरवून घ्यायला वेग कमी केला, की भकभक करून बंद. भर प्रवाहात बंद पडलेली बोट म्हणजे मग नदी नेईल तिकडं.

दोन्ही दुखण्यांचं मूळ बहुतेक वेळा कार्बोरेटरमध्ये असतं. आणि कार्बोरेटरला आजचं रूप देणाऱ्यांमध्ये वरच्या रांगेतलं नाव आहे विल्हेल्म मायबाख.

हो, तोच मायबाख. रील्समध्ये दिसणाऱ्या कोट्यवधींच्या गाडीवर ज्याचं नाव असतं तो. पण हा गडी श्रीमंतीतून आलेला नव्हता.

९ फेब्रुवारी १८४६ ला जर्मनीतल्या हाइलब्रोन गावी तो जन्मला. वडील सुतारकाम करायचे. दहा वर्षांचा होईपर्यंत आई गेली, वडीलही गेले. पोराला रॉयटलिंगेन इथल्या ब्रुडरहाउस या संस्थेत ठेवलं गेलं. गुस्ताव वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकानं निराधारांसाठी चालवलेली ही संस्था होती आणि तिचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता. पोराचा हात ड्रॉइंगवर बसलाय हे तिथं लवकरच लक्षात आलं.

याच कारखान्यात गोटलीब डाइमलर व्यवस्थापक म्हणून आला. मायबाखहून बारा वर्षांनी मोठा. दोघांची जी जोडी जमली ती डाइमलरच्या मरणापर्यंत टिकली. डाइमलर कार्ल्सरूहेला गेला, हा मागोमाग गेला. डाइमलर डॉइट्झच्या गॅस इंजिन कारखान्यात गेला, हाही तिथं. त्याच कारखान्यात १८७६ मध्ये निकोलाउस ओटोचं फोर स्ट्रोक इंजिन उभं राहिलं.

पण ते इंजिन अवाढव्य होतं आणि गॅसवर चालायचं. जागेवर उभं राहून पट्टा फिरवायचा, एवढंच त्याचं काम. या दोघांना हलणारं इंजिन हवं होतं. १८८२ मध्ये नोकरी सोडून ते कानष्टाटला आले आणि डाइमलरच्या बंगल्यामागच्या काचघरात काम सुरू केलं. काम इतकं गुपचूप चालायचं, की इथं खोटी नाणी पाडतात अशा संशयानं पोलिसांनी झडती घेतली, असं सांगतात. सापडली ती फक्त हत्यारं आणि इंजिनाचे भाग.

१८८५ मध्ये त्यांनी दुचाकीला इंजिन लावलं. १८८६ मध्ये नेकार नदीत एक बोट उतरवली, तिचं नावही नेकारच. गाड्यांच्या गोष्टी सगळे सांगतात, पण पेट्रोल इंजिनाच्या बोटींचा इतिहास इथून सुरू होतो. पेट्रोल घेऊन नदीत जायचं म्हणजे स्फोट होणार अशी लोकांना भीती. म्हणून डाइमलरनं म्हणे बोटीला वायरी लावल्या, बघणाऱ्याला ती विजेची वाटावी म्हणून.

अडचण मात्र वेगळीच होती. तेव्हाच्या पद्धतीत हवा पेट्रोलवरून फिरवून तिची वाफ इंजिनात ओढायचे. पेट्रोलमधला हलका भाग आधी उडायचा, जड भाग तळाला उरायचा. वर वाहन हललं, की मिश्रणाचं गणित बिघडायचं.

दरम्यान १८९० मध्ये डाइमलर कंपनी झाली, पैसा लावणारे आले आणि त्यांच्या अटी न पटल्यानं मायबाख १८९१ मध्ये बाहेर पडला. पण डाइमलरनं त्याला सोडलं नाही. कानष्टाटमधल्या बंद पडलेल्या हॉटेल हेर्मानमध्ये त्याच्यासाठी जागा घेतली. तिथंच १८९३ मध्ये मायबाखचा फवाऱ्याचा कार्बोरेटर तयार झाला. त्याच वर्षी, काही महिने आधी, बांकी आणि चोंका या दोन हंगेरियन इंजिनिअरांनीही तशाच कार्बोरेटरचं पेटंट मागितलं होतं, त्यामुळे पहिला कोण हा वाद आजही रंगतो.

कल्पना निफाडच्या द्राक्षवाल्याला समजावून सांगावी लागणार नाही. औषध फवारायचं तर नोझल लागतो. इथंही तसंच. हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब पडतो आणि बारीक जेटमधून पेट्रोल फवाऱ्यासारखं ओढलं जातं.

पण जेटच्या तोंडाशी पेट्रोलची पातळी कायम सारखी हवी. ते काम फ्लोटचं. छतावरच्या टाकीतल्या तरंगत्या बॉलसारखं. पातळी वाढली की फ्लोट वर जातो, सुई भोक बंद करते. पातळी उतरली की सुई उघडते.

आता पुरातल्या मशीनकडं परत या. वर्षभर आत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागं चिकट राळ उरते. सुई अडकते किंवा तिच्या बैठकीत कचरा बसतो. कधी फ्लोटलाच चीर पडते, त्यात पेट्रोल शिरतं, तो बुडतो. सुई बंदच होत नाही आणि जेटमधून पेट्रोल वाहत राहतं. झालं ओव्हरफ्लो.

अशा वेळी चोक ओढत बसणं म्हणजे आगीत तेल. चोक बंद करायचा, पाइपवरचा रबरी फुगा दाबायचा थांबवायचा, प्लग काढून पुसायचा, सांडलेलं पेट्रोल उडून जाऊ द्यायचं आणि मगच थ्रॉटल उघडून दोरी ओढायची. पुन्हा तेच झालं तर वाटी खोलून सुई साफ करायची आणि फ्लोट कानाशी हलवून बघायचा. आत खळखळ आली तर तो बदलायचा.

कमी वेगाला बंद पडणाऱ्या मशीनमध्ये बहुधा आयडलचा जेट तुंबलेला असतो. त्याचं भोक केसासारखं, म्हणून राळेनं आधी तेच बुजतं. मोठ्या जेटला काही होत नाही, म्हणून मशीन फुल थ्रॉटलला पळतं आणि आपण फसतो. खरं औषध पूर ओसरल्यावरचं आहे. मशीन पाण्याच्या पिंपात चालवायचं, पेट्रोलचा पाइप काढायचा आणि कार्बोरेटर कोरडा होऊन ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं.

मायबाख १८९५ मध्ये कंपनीत परतला. मार्च १९०० मध्ये डाइमलर वारला. पुढच्याच वर्षी मायबाखनं डिझाइन केलेली ३५ हॉर्सपॉवरची मर्सिडीज नीसच्या शर्यतींत उतरली आणि फ्रेंचांनी तोंडात बोटं घातली. पण पाठीराखा मित्र गेल्यावर कंपनीत त्याची किंमत घटत गेली. १९०७ मध्ये त्यानं कायमची रजा घेतली. दोन वर्षांनी झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी इंजिनं बनवायला नवी कंपनी निघाली आणि तिची सूत्रं मुलगा कार्लकडं दिली. मायबाख गाड्या पुढं बनवल्या त्या कार्लनं.

त्याच १९०९ साली तिकडं अमेरिकेत ओले एव्हिनरूडनं बोटीच्या मागं लटकवायची मोटर बाजारात आणली.

२९ डिसेंबर १९२९ ला श्टुटगार्टमध्ये मायबाखचं निधन झालं. कानष्टाटच्या ज्या जुन्या दफनभूमीत डाइमलर आहे, तिथंच त्यालाही ठेवलंय. पहिली बोट उतरवलेली नेकार त्याच गावातून वाहते.