पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तर भागी, दिल्ली दरवाज्याजवळ व हिमायत बागेसमोर एक जलाशय आहे. मोगल अमदानीत त्यास खिजरी तलाव म्हणत. आज तो सलीम अली सरोवर या नावाने ओळखला जातो. त्या वाटेने आपणांपैकी कित्येक जण नित्य जातात. परंतु ज्यांचे नाव या पाण्यास दिले आहे ते गृहस्थ कोण, असे कोणी विचारले तर पुष्कळांस गप्प बसावे लागेल. ते राजे नव्हते, सेनापती नव्हते. त्यांनी आपले उभे आयुष्य पाखरे पाहण्यात व ती इतरांस दाखविण्यात वेचले. त्यांचे चरित्र आमच्या बालवाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे होतात न होतात तोच वडील वारले, आणि तिसऱ्या वर्षी आईचेही छत्र गेले. तेव्हा त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांस खेतवाडीतील आपल्या घरी आणून पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. सलीमचे पहिले धडे गिरगावातील मिशनच्या मुलींच्या शाळेत, दोघी बहिणींबरोबर झाले; पुढे ते सेंट झेवियर शाळेत गेले. अभ्यासात मात्र त्यांनी नाव काढले असे म्हणता येत नाही. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखी जडली, शाळा वारंवार बुडू लागली, हवापालटासाठी सिंधमध्ये पाठवावे लागले. आणि १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले.

परंतु त्यांच्या विद्येचा खरा आरंभ त्यापूर्वीच एका चिमणीपासून झाला होता. मामा शिकारी होते. त्यांचे पाहून भाचाही छर्ऱ्याच्या लहानशा बंदुकीने चिमण्या टिपीत असे. एके दिवशी, १९०८ च्या सुमारास, त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. असली चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. ही खाण्यास चालेल काय, हा त्याचा पहिला प्रश्न. आणि ही आहे तरी कोण, हा दुसरा. मामांस उत्तर ठाऊक नव्हते. पण मुलाचा प्रश्न त्यांनी हसण्यावारी नेला नाही. ते स्वतः ज्या संस्थेचे सभासद होते त्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्डसाहेब यांजकडे त्यांनी त्यास धाडले.

हातात कागदी पुडी घेऊन तो मुलगा भीत भीत साहेबांपुढे उभा राहिला. मिलर्ड यांनी ती चिमणी पीतकंठी जातीची असल्याचे तत्काळ ओळखले. इतक्यावर त्यांनी त्याची बोळवण केली असती तरी कोणी दोष दिला नसता. पण त्यांनी कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्यास दाखविले, आणि वाचावयास पुस्तके दिली. त्या दिवशी खाण उघडले नसते, तर पुढचा इतिहास कदाचित घडला नसता असे आम्हांस वाटते.

पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. कुटुंबाच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात तव्हाय येथे गेले. तेथे धंद्यापेक्षा रानात भटकण्याकडेच त्यांचे मन अधिक. १९१७ साली परत आल्यावर ते व्यापारी शिक्षण घेऊ लागले. त्यांची खरी आवड ओळखून सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर यांनी त्यांस प्राणिशास्त्राकडे वळविले. १९१८ साली तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा धंद्यात अपयश. सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती. पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून तीही मिळाली नाही.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात, येणाऱ्या लोकांस प्राण्यांची माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी लागली. रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तेथे प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शास्त्रशुद्ध अभ्यास केला. परंतु १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाच्या टंचाईमुळे ती जागाच रद्द झालेली! तेहतीस वर्षांचे वय, संसार पाठीशी आणि हाती नोकरी नाही. अशा वेळी सामान्य मनुष्य खचून गेला असता.

पतिपत्नी अलिबागजवळ किहीम येथे राहावयास गेली. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. रोजगार नसलेला हा गृहस्थ तासन्‌तास ती घरटी न्याहाळू लागला आणि टिपणे ठेवू लागला. त्यास असे दिसून आले की, घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले म्हणजे माद्या येऊन तपासणी करतात, आणि पसंत पडले तर एखादी मादी त्यात बिऱ्हाड करते. मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणावयास घेतो. अशा रीतीने एकाच नराचे दोन-तीन संसार एका वेळी चालतात. हा शोध लावण्यास पैसा लागला नाही. लागली ती केवळ चिकाटी.

यानंतर त्यांनी संस्थानिकांपुढे एक विचार मांडला. तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी मी वेतनाशिवाय करीन. प्रवासाचा व तंबूचा खर्च तेवढा तुम्ही सोसावा. सर्वांत आरंभीच्या पाहण्यांपैकी एक १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानात झाली. आपला मराठवाडा त्या काळी त्याच संस्थानात मोडत असे. पुढे कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ असे प्रांतांमागून प्रांत त्यांनी पालथे घातले. तेहमिनाबाई रानावनांत त्यांच्या सोबत असत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. हे दुःख त्यांस फार लागले. त्यानंतर ते बहिणीच्या घरी राहिले, आणि कामात त्यांनी खंड पडू दिला नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी नमुन्यासाठी पक्षी मारल्यावाचून हे शास्त्र पुढे जात नसे. सलीम अलींनीही पक्षी मारले, आणि ते कधी लपविले नाही. परंतु ज्या हाताने बंदूक धरली त्याच हाताने पुढे पक्ष्यांच्या रक्षणार्थ अर्जांवर अर्ज लिहिले. भरतपूरचे सरोवर राखले जावे म्हणून ते झटले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली जाऊ नये म्हणून वृद्धपणी त्यांनी आवाज उठविला, आणि १९८४ साली ते राष्ट्रीय उद्यान ठरले.

विद्या पंडितांच्या कपाटात बंद राहू नये, हा तर त्यांचा ध्यासच होता. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. कित्येक मुलांनी व प्रौढांनी अंगणातील पाखरांची नावे त्यावरूनच शिकली. डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध झाला. आज दूरचित्रवाणीच्या पडद्यावर वाघ-हत्तींचे जीवन मुलांस घरबसल्या दिसते. त्यांच्या उमेदीच्या काळी हे साधन नव्हते. तेव्हा त्यांनी आकाशवाणीवरून पक्ष्यांविषयी भाषणे दिली. चित्र नाही, रंग नाही. केवळ शब्दांनी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पक्षी उभा करावयाचा! १९४१ पासून १९८५ पर्यंत हे काम त्यांनी अधूनमधून चालविले. मिलर्डसाहेबांनी एका मुलासाठी खण उघडले होते. सलीम अलींनी ते साऱ्या देशासाठी उघडले.

१९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण हे किताब त्यांस मिळाले. पदवी नाही म्हणून ज्यांस नाकारले होते, त्यांस पुढे विद्यापीठांनी आपण होऊन डॉक्टर केले. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम मिळाली, ती त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीस लावली. १९८५ साली ते राज्यसभेचे सभासद झाले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेत मागे पडलेल्यांनी या चरित्रावरून आळसाचे समर्थन करू नये. शाळेबाहेर सलीम अलींनी जे कष्ट केले ते कोणत्याही परीक्षेहून कठीण होते. परंतु ज्याचे नाव ठाऊक नाही अशी एखादी वस्तू दृष्टीस पडली असता तिचे नाव विचारण्याची लाज मात्र कोणी बाळगू नये. आणि आम्हां वडीलधाऱ्यांनीही मुलाच्या प्रश्नास उत्तर येत नसेल तर त्यास गप्प न करता, उत्तर देणाऱ्याच्या दारी पोहोचवावे. सरोवरास नाव देणे सोपे आहे; त्याचे पाणी निर्मळ राखणे व त्यावर उतरणाऱ्या पाखरांस ओळखणे हेच त्या नावाचे खरे स्मारक होय. पुढच्या सुट्टीच्या दिवशी एकदा पहाटे त्या काठी जाऊन उभे राहावे, एवढीच आमची विनंती आहे.