रक्तवाहिन्या शिवणारा शल्यविशारद

इ. स. १८९४ च्या जून महिन्यातील गोष्ट. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लियाँ शहरी आले असता एका मारेकऱ्याने त्यांच्यावर सुऱ्याने वार केला. यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी तुटली. नामांकित शल्यविशारद धावून आले. परंतु ती सांधण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती. अध्यक्षांचे प्राण गेले.

ही घटना त्याच शहरातील आलेक्सी कारेल या तरुणाच्या मनाला लागून राहिली. २८ जून १८७३ रोजी जन्मलेला कारेल तेव्हा वैद्यकाचे शिक्षण घेत होता. फाटलेले वस्त्र शिवता येते, मग तुटलेली रक्तवाहिनी का शिवता येऊ नये, या प्रश्नाने त्याला झपाटले. लियाँ हे रेशमाचे माहेरघर. तेथील एका कुशल स्त्रीकडे जाऊन हा भावी शल्यविशारद चक्क भरतकाम शिकला!

रक्तवाहिनी नळीसारखी गोल व नाजूक असते. कारेलने तिच्या दोन्ही टोकांना समान अंतरावर तीन टाके घातले व ते ताणून धरले. त्यामुळे गोल तोंडाचा त्रिकोण झाला आणि सरळ कडा शिवणे सोपे गेले. ही रीत त्याने १९०२ साली प्रसिद्ध केली.

१९०४ साली तो अमेरिका खंडात गेला. शिकागो येथे चार्ल्स गथ्री याच्यासह त्याने अनेक प्रयोग केले. १९०६ पासून तो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करू लागला. १९०८ साली रक्तस्रावाने मरणोन्मुख झालेल्या एका नवजात बालिकेच्या पायातील नीला त्याने तिच्या पित्याच्या हातातील रोहिणीला जोडली. पित्याचे रक्त तिच्या देहात वाहू लागले व ती वाचली.

कारेलने कुत्र्यांवर मूत्रपिंडाच्या रोपणाचे प्रयोगही केले. त्याच प्राण्याचे मूत्रपिंड काढून पुन्हा त्यालाच बसविले, तर ते काम करी. दुसऱ्याचे बसविले, तर काही दिवसांत निकामी होई. दोष शिवणीत नव्हता. शरीरच परका अवयव नाकारत होते. हे कोडे त्याला उलगडले नाही, पण ते त्याने जगापुढे स्पष्टपणे मांडले. १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या महायुद्धात त्याने रसायनज्ञ हेन्री डेकिन याच्या साहाय्याने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धती सिद्ध केली.

थोर माणसाचे सारेच विचार थोर असतात, असे नाही. दुर्बळ व गुन्हेगार माणसांविषयी कारेलने १९३५ साली एका ग्रंथात मांडलेली मते निर्दय होती. ती आपण त्याज्यच मानली पाहिजेत.

५ नोव्हेंबर १९४४ रोजी पॅरिस येथे तो मृत्यू पावला. पुढे दहा वर्षांनी, १९५४ साली, बोस्टन येथे जोसेफ मरे या शल्यविशारदाने एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाच्या शरीरात यशस्वीपणे बसविले. ते दोघे अगदी एकसारखे जुळे असल्यामुळे शरीराने तो अवयव परका मानला नाही. कारेलने पाहिलेले स्वप्न असे सत्यात उतरले. आज असंख्य रुग्णांना अवयवरोपणाने नवे आयुष्य लाभते, त्यामागे सुईदोरा हाती घेऊन शिकावयास बसलेल्या त्या तरुणाची चिकाटी आहे.