ॲन सुलिव्हान

हेलन केलर यांच्या शिक्षिका म्हणून जगाला परिचित असलेल्या ॲन सुलिव्हान यांचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका गरीब आयरिश कुटुंबात झाला. बालपणीच खुपऱ्यांच्या विकाराने त्यांची दृष्टी अधू झाली. आईच्या निधनानंतर १८७६ मध्ये त्यांची व धाकट्या भावाची रवानगी निराधारांच्या आश्रमात झाली. काही महिन्यांतच भाऊ दगावला. आश्रमाच्या पाहणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांना ॲनने शाळेत पाठवण्याची विनवणी केली. १८८० मध्ये बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत त्यांना प्रवेश मिळाला. तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती.

पुढे शस्त्रक्रियांमुळे त्यांची दृष्टी बरीच सुधारली. शाळेत राहणाऱ्या लॉरा ब्रिजमन या अंध व बधिर महिलेशी बोलता यावे म्हणून त्या हातावर बोटांनी अक्षरे उमटवण्यास शिकल्या. १८८६ मध्ये त्या वर्गात सर्वप्रथम आल्या. अंध व बधिर हेलनला शिकवण्याचे काम स्वीकारल्यावर त्यांनी लॉराच्या शिक्षणाच्या जुन्या नोंदी अनेक महिने अभ्यासल्या.

मार्च १८८७ मध्ये त्या अलाबामातील टस्कम्बिया गावी पोहोचल्या. हेलन तेव्हा सहा वर्षांची होती. ती हातावरचे शब्द गिरवी. परंतु प्रत्येक वस्तूला नाव असते, हे तिला उमगत नव्हते. ५ एप्रिल रोजी हातपंपाचे पाणी तिच्या एका हातावर पडत असताना ॲननी दुसऱ्या हातावर 'पाणी' हा शब्द लिहिला आणि तिला अर्थ गवसला.

ॲननी लहान मूल बोलायला कसे शिकते, याचे निरीक्षण केले. मूल पाठांतराने नव्हे, तर कानांवर पडणाऱ्या पूर्ण वाक्यांतून भाषा शिकते, हे ओळखून त्यांनी ठरावीक वेळेचे धडे सोडले. त्या हेलनच्या हातावर पूर्ण वाक्ये लिहू लागल्या. वाचनासाठी उठावदार अक्षरांच्या शब्दपट्ट्या केल्या. बाहुली पलंगावर ठेवून तेच सांगणारे वाक्य पट्ट्यांनी जुळवायचे, असा खेळ चाले. पुढे हेलन पुस्तकाच्या पानांवर ओळखीचे शब्द शोधू लागली.

१९०४ मध्ये हेलन पदवीधर झाल्या. महाविद्यालयातील व्याख्याने व अनेक ग्रंथ ॲननी त्यांच्या हातावर लिहून पोहोचवले होते. अखेरच्या काळात ॲन यांची दृष्टी जवळजवळ गेली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. चौदाव्या वर्षी अक्षरे गिरवू लागलेल्या या शिक्षिकेने, शिकणाऱ्याला पद्धतीत बसवण्याऐवजी पद्धतच शिकणाऱ्यासाठी बदलली.