विश्लेषण : गाडीत रेडिओही नको, असा आग्रह धरणारा अभियंता! टचस्क्रीनच्या काळात ॲलेक इसिगोनिस का आठवायचे?

नव्या गाडीच्या जाहिरातीत हल्ली इंजिनाइतकीच चर्चा स्क्रीनच्या आकाराची असते. एसीचे तापमान, गाण्यांचा आवाज, आरसे, काही गाड्यांत तर वायपरचा वेगही काचेच्या एका पडद्यावर बोट फिरवून ठरवावा लागतो. चालकाने रस्त्याकडे बघायचे की पडद्याकडे, हा वाद त्यातूनच उभा राहिला. या वादात ॲलेक इसिगोनिस यांचे आयुष्य समजून घेण्यासारखे आहे. ‘मिनी’ या जगप्रसिद्ध छोट्या गाडीचे ते जनक. चालकाचे लक्ष विचलित होऊ नये, म्हणून त्यांना गाडीत रेडिओही नको होता. मात्र त्यांचे सगळेच बरोबर ठरले, असेही नाही.

इसिगोनिस कोण होते?

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी स्मर्ना या बंदराच्या शहरात झाला. तेव्हा हे शहर ऑटोमन साम्राज्यात होते. आज ते तुर्कस्तानातील इझमिर म्हणून ओळखले जाते. वडील कॉन्स्टन्टाइन ग्रीक वंशाचे, पण ब्रिटिश नागरिक. जहाजांची यंत्रे बनवण्याचा कुटुंबाचा कारखाना होता. आई हुल्डा मूळच्या जर्मनीतील बव्हेरियाच्या घराण्यातील. त्यामुळे ॲलेक यांचे बालपण यंत्रांच्या आणि आराखड्यांच्या सहवासात गेले.

१९२२ मध्ये ग्रीक-तुर्की युद्धाची झळ स्मर्नाला बसली. ब्रिटिश नागरिकांना जहाजांतून माल्टाला हलवण्यात आले, त्यांत हे कुटुंबही होते. कारखाना, घर, पैसा सगळे मागे राहिले. माल्टातच वडिलांचे निधन झाले. १९२३ मध्ये आई आणि मुलगा इंग्लंडला पोहोचले. ॲलेक यांनी लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. गणितात ते तीनदा नापास झाले. चित्रकला मात्र उत्तम. पुढे आयुष्यभर ते गाडीचा विचार आकडेमोडीने नव्हे, तर हाताने काढलेल्या रेखाचित्रांतून करत राहिले. त्यांची चित्रे इतकी नेमकी असत, की त्यावरून सहकारी थेट सुटे भाग घडवायला घेत.

मॉरिस मायनर का गाजली?

काही कंपन्यांत उमेदवारी केल्यावर १९३६ मध्ये इसिगोनिस मॉरिस मोटर्समध्ये दाखल झाले. फावल्या वेळात त्यांनी जॉर्ज डॉसन या मित्रासोबत ‘लाइटवेट स्पेशल’ ही हलकी रेसिंग कार स्वतःच्या हातांनी बनवली. नको असलेले वजन काढून टाकायचे आणि गाडी चालकाच्या हुकमाला चटकन प्रतिसाद देईल असे बघायचे, हा धडा त्यांनी तिथे गिरवला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच त्यांनी सामान्य माणसासाठी छोट्या गाडीचा आराखडा सुरू केला. तीच मॉरिस मायनर. १९४८ मध्ये लंडनच्या मोटर शोमध्ये ती लोकांसमोर आली. त्याआधी नमुना गाडी फारच अरुंद वाटली, म्हणून ती मधोमध उभी कापून दोन्ही भाग चार इंचांनी दूर करण्यात आले. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना गाडीचे रूप आवडले नव्हते. पण तिचे स्टिअरिंग आणि वळणावरची पकड ग्राहकांना आवडली. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली. भारतातही हिंदुस्तान मोटर्सने ती ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने आणली होती.

मिनीचा जन्म कशामुळे झाला?

कारण होते पेट्रोलटंचाई. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून संघर्ष पेटला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग लागू झाले. तीनचाकी, बुडबुड्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. मॉरिस आणि ऑस्टिन यांच्या विलीनीकरणातून झालेल्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी इसिगोनिस यांच्यावर जबाबदारी सोपवली. गाडी छोटी हवी, पण चार माणसांची खरीखुरी गाडी हवी. इंजिन मात्र कंपनीकडे आहे तेच वापरायचे.

इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली, इंजिनाच्याच तेलात ठेवला. ताकद पुढच्या चाकांना दिली. चाके अवघी १० इंची ठेवली. स्प्रिंगांऐवजी ॲलेक्स मोल्टन यांनी विकसित केलेले रबरी सस्पेन्शन वापरले. त्यामुळे सुमारे १० फूट लांबीच्या गाडीत जवळपास ८० टक्के जागा माणसे आणि सामानासाठी मिळाली. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी बाजारात आली. तिचे इंजिन ८४८ सीसीचे होते.

आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद, ही मांडणी पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी स्वीकारली. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० आणि १९९८ मध्ये पुण्यात घडलेली टाटा इंडिका याच मांडणीच्या होत्या.

मिनीच्या डॅशबोर्डवर काय होते?

जवळजवळ काहीच नाही. मधोमध एक मोठा गोल स्पीडोमीटर. इंधनाचा काटा त्याच्याच आत. खाली किल्ली, चोक आणि दिवे-वायपरसाठी दोन खटके. स्टार्टरचे बटण चक्क पायाशी, जमिनीवर. बाकी डॅशबोर्डच्या जागी सामान ठेवायला एक लांब फळी. स्पीडोमीटर मध्ये असल्याने उजव्या आणि डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या बनवणे सोपे आणि स्वस्त झाले.

यात काटकसर होतीच, पण इसिगोनिस यांची धारणाही होती. त्यांच्या मते गाडी चालवणे हे पूर्ण वेळ लक्ष मागणारे काम. रेडिओ ते लक्ष फोडतो, म्हणून मिनीत त्यासाठी जागाच ठेवली नाही. आसने त्यांनी मुद्दाम ताठ ठेवली. फार आराम मिळाला तर चालक सुस्तावतो, असे त्यांना वाटे. ग्राहकांना हे सगळेच पटले नाही. अनेकांनी बाहेरून रेडिओ आणि मऊ आसने बसवून घेतली. पण गाडीच्या आत काय ठेवायचे हे ठरवताना चालकाचे डोळे आणि हात कुठे जातील, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला.

टचस्क्रीनची नेमकी अडचण काय?

बटण किंवा फिरवायचा खटका हाताला जाणवतो. काही दिवसांत त्याची जागा बोटांना पाठ होते आणि न बघताही तो वापरता येतो. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. बोट बरोबर जागी पडले की नाही, हे बघूनच कळते. त्यात मेनूच्या आत मेनू असेल, तर नजर आणखी वेळ अडकते. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर बटणाची जागा बदलली, तर पाठ झालेलेही विसरावे लागते.

नजर हटण्याची किंमत साध्या गणिताने कळते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किमी वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. म्हणजे पडद्याकडे दोन सेकंद बघितले, तर ५६ मीटर रस्ता न बघता पार होतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये, अशीच मर्यादा सांगितली आहे.

स्वीडनमधील ‘वी बिलॅगरे’ या वाहनविषयक मासिकाने २०२२ मध्ये याची चाचणी घेतली. ताशी ११० किमी वेगाने गाडी चालवताना रेडिओचे स्टेशन बदलणे, तापमान वाढवणे अशी ठरावीक कामे चालकांना करायला सांगितली. बटणे असलेल्या २००५ च्या व्होल्वो व्ही-७० मध्ये ती १० सेकंदांत उरकली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या टचस्क्रीनच्या गाडीत त्याच कामांना ४४.६ सेकंद लागले, म्हणजे जवळपास १.४ किमी अंतर!

मग जुनी, साधी गाडीच सुरक्षित होती का?

नाही. इथेच इसिगोनिस यांची दुसरी बाजू पुढे येते. अपघात टाळणारी गाडी बनवणे हेच आपले काम, असे ते मानत. अपघात झालाच तर आतल्या माणसाचे काय, याला त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. ज्या ऑगस्ट १९५९ मध्ये मिनी आली, त्याच महिन्यात व्होल्वोने आपल्या गाड्यांत तीन बिंदूंचा सीटबेल्ट द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मिनीत असा पट्टा नव्हता. पुढचा भाग इतका आखूड, की समोरून धडक बसल्यास चालकाच्या पायांपुढे फारसे काही उरत नसे. शिवाय मधले खटके आसनावरून हात लांब करूनच गाठावे लागत. पहिल्या काही गाड्यांत पावसाचे पाणी जमिनीतून आत शिरे, तर कधी इग्निशनची यंत्रणा भिजून गाडी बंद पडे.

आजच्या गाडीतील एअरबॅग, एबीएस, धडक शोषून घेणारा सांगाडा यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. मागे बघण्यासाठी कॅमेऱ्याचा पडदाही उपयोगाचाच. म्हणजे दोष इलेक्ट्रॉनिक्सचा नाही. चालत्या गाडीत लागणारे नियंत्रणही त्या पडद्यात कोंबणे, हा खरा मुद्दा आहे.

इसिगोनिस यांचे पुढे काय झाले?

मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६७ मध्ये इसिगोनिस रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९६९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पण त्यांचा हट्टी स्वभाव कंपनीत अनेकांना जड जात होता. ग्राहकाला काय हवे हे विचारण्यापेक्षा काय योग्य हे आपण ठरवायचे, अशी त्यांची रीत. नंतरच्या ऑस्टिन १८०० आणि मॅक्सी या गाड्या आतून प्रशस्त होत्या, पण त्यांना मिनीसारखे यश लाभले नाही. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँडची स्थापना झाली आणि ते बाजूला पडले. मिनीची जागा घेण्यासाठी त्यांनी आखलेला नवा प्रकल्पही गुंडाळला गेला. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांनी लग्न केले नाही. १९७२ मध्ये आईचे निधन होईपर्यंत दोघे एकत्र राहत होते. २ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅममध्ये त्यांचे निधन झाले. मूळ मिनीचे उत्पादन २००० पर्यंत चालले आणि ५० लाखांहून अधिक गाड्या बनल्या.

आता काय बदलते आहे?

मिनी हा ब्रँड आज बीएमडब्ल्यूकडे आहे. नव्या मिनीतही डॅशबोर्डच्या मधोमध गोल तबकडीच आहे, पण ती २४ सेंटिमीटर व्यासाची ओएलईडी टचस्क्रीन आहे. वेगापासून नकाशा आणि गाण्यांपर्यंत बहुतेक सगळे तिच्यावर दिसते. गाडी सुरू करणे, गिअर आणि आवाज यांसाठी मात्र खाली खरे खटके ठेवले आहेत.

वाहन सुरक्षेची चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून नवे निकष आणले आहेत. इंडिकेटर, हॅझार्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल या पाच गोष्टींसाठी हाताला जाणवणारे स्वतंत्र नियंत्रण नसेल, तर गाडीला पूर्ण गुण मिळणार नाहीत. फोक्सवॅगननेही महत्त्वाची बटणे परत आणण्याचे जाहीर केले आहे.

ग्राहकालाही हे तपासता येते. शोरूममध्ये उभ्या गाडीत प्रत्येक पडदा छानच दिसतो. टेस्ट ड्राइव्हच्या आधी, गाडी थांबलेली असताना डोळे मिटून एसीचा पंखा कमी करून पाहावा, काच पुसायचा वायपर सुरू करून पाहावा. जे न बघता जमत नाही, ते रात्रीच्या पावसात घाटातही जमणार नाही.